दर पावसाळ्यात पडणारा आरसीसीबी आणि उघड्यावरच्या वायरचा जोड

आमचे घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून फार लांब नसलेल्या एका वाडीत आहे. घरामागे माड-पोफळींचे आगर आणि आगराच्या टोकाला विहीर आहे. मागच्या पडवीतील बोर्डापासून विहिरीवरच्या पंपापर्यंत सुमारे चाळीस मीटर केबल गेलेली असून वाटेत गडग्याला लागून असलेल्या लोखंडी खांबावर एक दिवा आहे. या केबलने सलग चार पावसाळे आम्हाला एकच त्रास दिला. मे महिना सुरळीत जाई. जूनमध्ये पहिली मोठी सर येऊन गेली की दोन-तीन तासांनी घराचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, ज्याला आमच्याकडे अजूनही बरेच जण ईएलसीबी म्हणतात, तो पडत (आपोआप बंद होत) असे. रात्री दोन वाजता, घरात एकही उपकरण चालू नसतानासुद्धा तो पडे. दोन दिवस उघडीप मिळाली की पुन्हा टिकून राही आणि त्यामुळे दोष आपोआप गेला असे वाटे.

प्रत्येक वर्षी वायरमन येई, खांबाच्या बुंध्याशी असलेला केबलचा जोड पाही, आणि "काका, टेप सुटली होती, आता घट्ट मारली आहे" असे सांगून जाई. त्याच्या कामात हयगय नव्हती. टेप खरोखरच घट्ट असे. तरीही पुढच्या जूनमध्ये तेच घडत असे. चौथ्या वर्षी मी तो जोड नुसता झाकण्याऐवजी पूर्ण उघडायचे ठरवले आणि त्या एका उघडण्यातून जे दिसले, त्यावरून पुढचे सगळे लिहीत आहे. हा त्रास आमच्या एका घराचा नाही, आगरात किंवा शेतात वायर नेलेल्या बहुतेक घरांचा आहे, आणि त्यावर दर वर्षी होणारा उपाय बहुतेक ठिकाणी तोच चुकीचा असतो.

बोर्डावरून आगराच्या लाइनच्या तिन्ही तारा सोडवल्यावर मी जोडावरची टेप चाकूने उभी चिरली. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे चार वर्षांचे थर निघाले. सर्वांत वरचा थर उन्हाने ताठ आणि ठिसूळ झाला होता. आतल्या थरांचा डिंक मात्र वितळून काकवीसारखा चिकट झाला होता. त्याच्या आत तांबे काळे पडलेले आणि टोकांवर हिरवी पूड साचलेली होती. येथपर्यंत सारे अपेक्षेप्रमाणे होते. पण दिव्याकडे जाणाऱ्या केबलचे बाहेरचे आवरण मी चिमटीत धरून वरून खाली दाबत आणले, तेव्हा त्याच्या तोंडातून पाण्याचे थेंब टपटप पडू लागले. चार दिवस पाऊस नव्हता आणि टेप जागची हललेली नव्हती. हे पाणी टेपमधून आत शिरलेले नव्हते, ते केबलच्या पोटातून खाली आले होते.

खांबावर चढून पाहिले तेव्हा कारण समजले. दिव्याच्या टोपीजवळ केबलचे बाहेरचे आवरण वीतभर सोलून ते तोंड उघडेच ठेवलेले होते. पावसाचे पाणी त्या तोंडातून आवरण आणि आतल्या तीन तारा यांच्यामधल्या पोकळीत उतरत होते आणि तीन मीटर खाली, सर्वांत सखल ठिकाणी असलेल्या जोडात येऊन साचत होते. जोडावर घट्ट मारलेली टेप त्याला बाहेर पडू देत नव्हती. म्हणजे दर वर्षीची दुरुस्ती पाण्याला अडवत नव्हती, साठवत होती.

जोडात पाणी दोन वाटांनी येते, हे येथे नीट लक्षात घेणे आवश्यक आहे. एक वाट बाहेरून, टेपच्या पापुद्र्यांमधून. दुसरी वाट केबलच्या आतून, आणि तिचा विचार फारसा कोणी करत नाही. लवचीक वायरमध्ये अनेक बारीक तारा पिळलेल्या असतात. त्यांच्यामधल्या फटी इतक्या अरुंद असतात की दिव्याच्या वातीत तेल चढते तसे पाणी त्यांतून पुढे सरकते, कधी कधी चढावरसुद्धा. म्हणून पाणी जेथे शिरते तेथेच दोष दिसेल असे नाही, आणि दोष दिसतो तेथे पाणी शिरले असेलच असेही नाही. आमच्या केबलचे काळे पडलेले तांबे छाटत गेलो, तर चकाकणारे तांबे लागेपर्यंत दोन हात केबल कापावी लागली.

आरसीसीबी का पडतो, हे आकड्यांत पाहिल्यास शोध सोपा होतो. हे उपकरण फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह सतत तोलत असते. घरगुती वापरात ते बहुधा ३० मिलीअँपिअरचे असते, आणि प्रमाणकानुसार ते १५ मिलीअँपिअरपर्यंतच्या गळतीला पडता कामा नये व ३० मिलीअँपिअरला पडलेच पाहिजे. २३० व्होल्टला १५ मिलीअँपिअर गळती व्हायची तर फेज आणि अर्थिंग यांच्यामधला रोध सुमारे १५ किलोओहमपर्यंत खाली यावा लागतो. आमच्या ओल्या जोडाचा रोध मेगरवर, म्हणजे जास्त व्होल्ट लावून आवरणाचा रोध मोजणाऱ्या उपकरणावर, सुमारे ११ किलोओहम आला, म्हणजे जवळपास २१ मिलीअँपिअरची गळती. चांगल्या केबलचा रोध शेकडो मेगओहम असतो, आणि घरगुती वायरिंगसाठी ५०० व्होल्टवर किमान १ मेगओहमची मर्यादा धरली जाते. यावरून आमचा जोड किती खाली घसरला होता ते कळेल.

पावसाचे पाणी मूळचे बरेच शुद्ध असते आणि त्यातून वीज फारशी वाहत नाही. ते जोडापर्यंत येताना धूळ, तांब्याचा हिरवा क्षार आणि आमच्यासारख्या किनाऱ्यावरच्या गावी खाऱ्या वाऱ्याने साचलेले मीठ विरघळवत येते, आणि मग तेच पाणी वीजवाहक होते. आठ महिने साचलेले मीठ पहिल्याच सरीत भिजते; पहिल्या पावसातच तक्रार का सुरू होते याचे हे एक मोठे कारण आहे.

आता शोधाकडे वळू. सर्वप्रथम एक विनंती, आणि ती मी अगदी कळकळीने करतो: आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो काढून टाकून लाइन थेट जोडू नये. पावसाळ्यात ओल्या मातीत अनवाणी चालणारी माणसे आणि खांबाला अंग घासणारी गुरे यांच्या आणि मृत्यूच्या मध्ये तेवढे एकच उपकरण उभे असते. ३० मिलीअँपिअर ही मर्यादा माणसाच्या हृदयाचा विचार करून ठरवलेली आहे.

आगराच्या लाइनचा एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा त्या लाइनचा स्वयंचलित स्विच, खाली केल्यावर आरसीसीबी टिकत असेल, तर दोष त्या लाइनच्या फेजवर आहे असे समजावे. पण एमसीबी खाली करूनही तो अधूनमधून पडत असेल, तर दोष बाहेर नाही असा निष्कर्ष घाईने काढू नये. एकेरी एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल तशीच जोडलेली राहते. जोडात न्यूट्रल आणि अर्थिंगच्या तारा एकमेकींना टेकल्या असतील, तर घरातला मिक्सर किंवा इस्त्री लावताच त्या उपकरणाच्या परतीच्या प्रवाहातील काही भाग अर्थिंगमधून निसटतो आणि आरसीसीबी पडतो. दोष बिचाऱ्या मिक्सरवर येतो. न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात सहसा एखाद-दोन व्होल्टांचाच फरक असतो, म्हणून असे घडण्यासाठी नुसती ओल पुरत नाही, तारा जवळजवळ चिकटलेल्या असाव्या लागतात. ही शंका असल्यास मेन स्विच बंद करून आगराच्या लाइनची न्यूट्रलसुद्धा पट्टीवरून सोडवावी आणि मग आरसीसीबी टिकतो का ते पाहावे.

दोष आगराच्या लाइनवर आहे हे नक्की झाले की मेगर वापरावा. साध्या मल्टिमीटरवर विसंबू नये, कारण त्याच्या काही व्होल्टांच्या बॅटरीला जो जोड निर्दोष दिसतो तोच २३० व्होल्टला गळतो. मेगर लावण्यापूर्वी पंप आणि एलईडी दिवे लाइनपासून वेगळे करावेत. दिव्यातील इलेक्ट्रॉनिक भाग ५०० व्होल्टने निकामी होऊ शकतात आणि पंप जोडलेला राहिल्यास दोष केबलचा की मोटारीचा हे कळत नाही. फेज आणि न्यूट्रल एकत्र करून त्यांचा अर्थिंगशी रोध मोजावा. मोजणी चालू असताना तारांच्या टोकांना कोणीही हात लावू नये. लाइन लांब असेल तर मधल्या जोडावर ती सोडवून दोन्ही अर्धे भाग वेगवेगळे मोजावेत; दोषी निघालेल्या भागाचे पुन्हा दोन भाग करावेत. शंभर मीटरच्या लाइनवरसुद्धा तीन-चार मोजण्यांत दोषाची जागा सापडते.

ही मोजणी ओल असतानाच झाली पाहिजे. बहुतेक ठिकाणी वायरमन उघडीप मिळाल्यावर येतो, तोपर्यंत जोड सुकलेला असतो, मेगर चांगला आकडा दाखवतो आणि दोष तसाच राहतो. उघडीपच असेल तर लाइन बोर्डावरून पूर्ण सोडवून संशयित जोडांवर ओले गोणपाट गुंडाळावे, वर बादलीभर पाणी ओतावे आणि अर्ध्या तासाने मोजावे. दिव्याच्या टोपीवरही पाणी ओतून पाहावे. आम्ही तसे केले असते, तर तीन वर्षे वाचली असती.

दुरुस्ती करताना पहिला प्रश्न असा विचारावा की येथे जोड हवाच आहे का. अखंड केबल टाकणे शक्य असेल, तर दुसऱ्या कोणत्याही उपायाची तिच्याशी बरोबरी होत नाही. आम्ही बोर्डापासून विहिरीपर्यंत नवी अखंड केबल टाकली आणि दिव्यासाठी लागणारा एकच फाटा शिल्लक ठेवला.

जोड लागणारच असेल, तर त्याची जागा विचारपूर्वक निवडावी. माडाच्या खोडाला सुंभाने बांधलेला जोड ही आगरांतील नेहमीची सोय असली, तरी तिच्याइतकी वाईट जागा नाही, कारण झावळ्यांवर पडलेले बरेचसे पाणी खोडावरूनच खाली वाहते आणि वाऱ्याने खोड हलले की जोडावर ताण येतो. कोकणात पावसाची झड पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येते, म्हणून पेटी भिंतीच्या किंवा खांबाच्या पूर्वेच्या अंगाला आणि शक्यतो वळचणीखाली असावी. केबल पेटीत खालून, रबरी ग्लँडमधून (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून) शिरावी, आणि शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोल द्यावा, म्हणजे केबलवरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी येऊन गळून पडते. केबल वरून पेटीत घेणे म्हणजे पन्हळ पेटीत सोडण्यासारखे आहे.

पेटी विकत घेताना तिच्यावर आयपी ६५, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत न जाणारी, असे लिहिलेले असते आणि त्यामुळे आपण निश्चिंत होतो. पण बंद पेटी उन्हात तापते, आतली हवा प्रसरण पावून बाहेर जाते, मग एकाएकी पावसाने पेटी थंड होते आणि ती बाहेरची दमट हवा आत ओढून घेते. अशा रीतीने एकही छिद्र नसलेल्या पेटीत महिन्याभरात पाणी साचलेले मी पाहिले आहे. पेटीच्या सर्वांत खालच्या बाजूला एक लहान निचऱ्याचे छिद्र ठेवावे आणि आतला प्रत्येक जोड पेटी नसल्यासारखाच स्वतंत्रपणे बंद करावा. फटी बुजवण्यासाठी सिलिकॉन वापरायचे झाल्यास व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे घेऊ नये. ते सुकताना सुटणारे आम्ल तांब्याला खाते. बिनवासाचे, न्यूट्रल प्रकारचे सिलिकॉन मिळते.

आता प्रत्यक्ष जोड. मेन स्विच बंद करून, तो कोणी चालू करणार नाही याची व्यवस्था करून आणि टेस्टरने खात्री करून मगच काम सुरू करावे. ज्यांना या कामाचा सराव नाही त्यांनी ते परवानाधारक वायरमनकडूनच, पण समोर उभे राहून करून घ्यावे. कोरडा दिवस निवडावा. चकाकणारे तांबे लागेपर्यंत केबल छाटावी. काळ्या तांब्यावर केलेला जोड टिकत नाही, कारण तो तापतो. जोडाचा रोध एक दशांश ओहम जरी असला, तरी पंपाच्या सहा अँपिअर प्रवाहाला तेथे साडेतीन वॉटपेक्षा जास्त उष्णता निर्माण होते, आणि बोटाएवढ्या, टेपने लपेटलेल्या जागी ती साचत राहते. तारा नुसत्या पिळून सोडू नयेत. फेरुल (धातूची छोटी नळी) घालून क्रिम्प कराव्यात, म्हणजे पकडीने दाबून घट्ट कराव्यात, किंवा पिळून डाख द्यावा. तिन्ही तारांचे जोड एकाच रेषेत न आणता दोन-दोन इंच पुढेमागे ठेवावेत, म्हणजे आवरण कोठे फाटलेच तरी ते एकमेकांना टेकत नाहीत. जुनी ॲल्युमिनियमची तार नव्या तांब्याला थेट जोडू नये, कारण ओल मिळताच या दोन धातूंमध्ये क्रिया सुरू होऊन ॲल्युमिनियम झिजते. त्यासाठी दोन धातूंचे तयार कनेक्टर मिळतात.

आवरणासाठी माझी पहिली पसंती आतून डिंकाचा थर असलेल्या हीट श्रिंक स्लीव्हला, म्हणजे गरम केल्यावर आवळणाऱ्या नळीला, आहे. साधी, डिंकाविना मिळणारी स्लीव्ह स्वस्त असते, पण ती फक्त आवळते, बंद करत नाही. प्रत्येक तारेला एक छोटी आणि त्या सगळ्यांवर एक मोठी स्लीव्ह लागते, आणि त्या सर्व तारा जोडण्यापूर्वीच केबलवर ओवून ठेवाव्या लागतात. हे विसरून जोड पुन्हा तोडण्याची वेळ अनुभवी माणसांवरही येते. मोठी स्लीव्ह दोन्हीकडच्या मूळ आवरणावर किमान सात-आठ सेंटिमीटर यावी, आणि तेवढा भाग आधी सॅंडपेपरने खरवडून कोरड्या फडक्याने पुसावा. गरम हवा मध्यापासून सुरू करून टोकांकडे न्यावी, म्हणजे आत हवा अडकत नाही. दोन्ही टोकांशी डिंकाची बारीक कड बाहेर आलेली दिसली की जोड बंद झाला असे समजावे. कड दिसत नसेल तर तो बंद झालेला नाही, मग वरून कितीही गुळगुळीत दिसो. मेणबत्ती किंवा लायटर वापरल्यास एक बाजू करपते आणि दुसरी कच्ची राहते. आमच्या फाट्यासारख्या, तीन केबल एकत्र येणाऱ्या जागी मात्र एक सरळ स्लीव्ह पुरत नाही, कारण दोन केबल शेजारी-शेजारी शिरतात तेथे मधे फट उरते. तेथे पेटी आणि पुढे सांगितलेली रबरी टेप यांचा आधार घ्यावा लागतो.

ही टेप काळ्या पीव्हीसी टेपहून वेगळी असते; तिला डिंक नसतो, ती ताणून गुंडाळली की स्वतःलाच चिकटून काही तासांत एकसंध रबर होते. ताणल्यावर तिची रुंदी तीन चतुर्थांशाच्या आसपास यावी इतपत ओढून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवत दोन थर द्यावेत. उन्हापासून तिचे रक्षण करण्यासाठी वर पीव्हीसी टेपचा थर द्यावा, आणि तो खालून वर गुंडाळत न्यावा. कौले शाकारताना आपण वळचणीपासून आढ्याकडे जातो, तशीच ही रीत आहे. वरचा पदर खालच्यावर आला की पाणी ओघळून जाते, उलट गुंडाळले की प्रत्येक पदराच्या तोंडात शिरते. शेवटचा वेढा न ताणता ठेवावा, ताणलेले टोक काही दिवसांत उलगडते.

जमिनीखालच्या जोडासाठी टेप किंवा स्लीव्ह यांवर मी विसंबणार नाही. केबल पाइपमधून नेली म्हणजे ती कोरडी राहते हा समज चुकीचा आहे; जुलैमध्ये जांभ्या दगडाच्या जमिनीत पाइप पाण्याने भरलेलाच असतो. तेथे दोन भाग मिसळून ओतायचा रेझिन जॉइंट किट वापरावा. साच्यातील तारा एकमेकांपासून आणि साच्याच्या भिंतीपासून सुट्या ठेवाव्यात, मिश्रण सांगितलेल्या वेळेपर्यंत ढवळावे आणि ते पूर्ण घट्ट होईपर्यंत केबल हलवू नये. विहिरीत बुडणाऱ्या सबमर्सिबल पंपाच्या केबलचा जोड पंप सोडण्यापूर्वी तपासता येतो: दोन्ही टोके बाहेर ठेवून जोड रात्रभर पाण्याच्या बादलीत बुडवावा, आणि सकाळी तारा आणि पाणी यांच्यात मेगर लावावा. बादलीत नापास झालेला जोड पुन्हा करणे सोपे असते; पंप वर ओढून काढणे हे चार माणसांचे काम असते.

गणपतीत किंवा लग्नाच्या मांडवात तात्पुरत्या माळा लावताना हे सगळे करणे शक्य नसते. तेव्हा निदान जोड जमिनीवर किंवा पत्र्यावर टेकू देऊ नयेत, उंचावर लटकते ठेवावेत आणि ती लाइन आरसीसीबीमधूनच घ्यावी.

आमच्या खांबावर आता दिव्याकडील केबल टोपीत खालून शिरते, आवरणाचे सोललेले तोंड रबरी टेपने बंद आहे, आणि फाट्याचा जोड छातीएवढ्या उंचीवर पेटीत आहे. दुरुस्तीनंतर पूर्ण भिजवून घेतलेला मेगरचा आकडा २०० मेगओहमच्या वर आला. बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवला असून, दर वर्षी मे अखेरीस एकदा आणि मृगाचा पहिला चांगला पाऊस झाल्यावर लगेच एकदा मोजणी करून तारखेसह लिहितो. गेल्या दोन पावसाळ्यांत आकडा ५० मेगओहमच्या खाली गेलेला नाही. तो एका वर्षात एकदम घसरलेला दिसला, तर आरसीसीबी पडण्याची वाट न पाहता मी प्रथम दिव्याची टोपी उघडेन आणि नंतर पेटी.